मागच्या दाराजवळची खोली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, कॉलेजात सोबत राहिलेल्या मैत्रिणीलाही नाही. मी काही लपवतेय असं कुणाला वाटलंही नाही, कारण मी तशी गप्पच असते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं थोडं सोपं आहे. थोडंच.

आधी नासीरभाईंबद्दल सांगते. खरं तर सांगायचं आहे ते माझ्याबद्दल – पण तिथवर पोचायला मला नेहमीच वेळ लागतो.

कोकणातल्या दिघी बंदराच्या बाजूची आम्ही काही मुलं त्यांच्या व्हॅनने इंग्रजी शाळेत जायचो. ते काही वर्षं कुवेतला गाडी चालवून परत आले होते. व्हॅनमध्ये जुनी गाणी लावायचे आणि स्वतः बेसूर गायचे. रस्ता ओलांडणारी घोरपड दिसली की गाडी थांबवायचे आणि म्हणायचे, "जाऊ द्या तिला, तिची पण शाळा हाय." मला ते 'मुकी मॅडम' म्हणत. "मुकी मॅडम, आज तरी बोलणार का? की उद्याची तारीख?" सगळे हसायचे. मीही हसायचे, खिडकीकडे तोंड करून.

मग एका वर्षी गाणी बंद झाली. टेप बिघडला म्हणाले. बिघडलेला नव्हता – एकदा कुणाचा तरी हात लागून तो सुरू झाला, तेव्हा त्यांनी तो इतक्या घाईने बंद केला की व्हॅन रस्त्याच्या कडेला गेली. गणपतीत पूर्वी आमच्या घरचा पेढा ते तिथल्या तिथे तोंडात टाकत. त्या वर्षी "नंतर खातो" म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीनंतर डॅशबोर्डच्या खणात मला तो दिसला, खडा झालेला. त्यांनी फेकला नव्हता, खाल्लाही नव्हता. याचा अर्थ काय? मी कितीतरी दिवस त्या पेढ्याचाच विचार करत होते. पण विचारलं नाही. मला बघायला आवडतं, विचारायला नाही.

आता फोनचं.

आमच्याकडे इंग्रजी शाळेत जाणारं मूल सगळ्या वाडीचं असतं. दर दोन घरांआड कुणीतरी आखातात. कंपनीचा फोन आला, एजंटशी बोलायचं असलं, की हाक येते – "जरा बोल गो यांच्याशी." मी चार माणसांत बोलू शकत नाही, पण फोनवर, इंग्रजीत, समोर कुणी नसताना, मला बोलता येतं. कुवेतमध्ये वारलेल्या एका शेजाऱ्याच्या कंपनीशीही मीच बोलले होते. तेव्हा मी नववीत होते.

दहावीत असताना एका दुपारी बाकीची मुलं उतरून गेल्यावर नासीरभाईंनी गाडी दिघीच्या जेट्टीजवळ उभी केली. खाडीपलीकडून आगरदांड्याची फेरीबोट येत होती. "मॅडम, एक काम करा. एका लॉजला फोन लावायचाय. आपली पोरं व्हिसाच्या मेडिकलला चाललीत. माझी इंग्रजी ऐकली तर तो फोनच ठेवून देईल. नाव माझं नको. ऑफिसातून बोलते म्हणा."

त्यांनी शहराचं नाव सांगितलं. ते दुसऱ्या राज्यातलं होतं.

इथे थांबते. आमच्याकडच्या लोकांचं आखाताचं मेडिकल मुंबईत होतं. हे आमच्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, कारण प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी त्यासाठी मुंबईला जाऊन आलेलं असतं. मला ते माहीत होतं. फोन त्यांचा नेहमीचा नव्हता, काचेवरचा प्लॅस्टिकचा कागदही निघाला नव्हता, तेही मी पाहिलं. मग मी का नाही म्हटलं, की मेडिकल तिकडे कुठे होतं, नासीरभाई? – कारण मला बघायचं होतं, पुढे काय होतं ते. आणि त्यांनी मला निवडलं होतं. हेही खरं.

मी बोलले. छान बोलले. माझा आवाज मलाच ओळखू येईना – कुठल्यातरी ऑफिसातली सफाईदार बाई. आणि मग, कुणीही सांगितलेलं नसताना, मी एक गोष्ट रचली. त्यांच्यातले एक काका हृदयरोगी आहेत, जिना चढू शकत नाहीत, तळमजल्यावर, मागच्या दाराजवळ खोली मिळेल का? समोरचा माणूस म्हणाला, 'शुअर मॅडम, डोन्ट वरी.'

नासीरभाई आरशातून माझ्याकडे बघत राहिले. हसले नाहीत. मग हळूच म्हणाले, "मुकी मॅडम, तुम्ही तर पोचलेल्या निघालात."

ते वाक्य मी किती दिवस मिरवलं, मनातल्या मनात.

त्या शहरातल्या बाजारात स्फोट झाला तेव्हा आम्ही जेवत होतो. टीव्हीवर बांगड्यांचं एक दुकान दाखवत होते, म्हणजे दुकान होतं ती जागा. माणसं मेली होती. त्यांतली एक मुलगी माझ्याच वयाची, दहावीतली. काही आठवड्यांनी पोलिसांनी नासीरभाईंना पकडलं. बॉम्ब त्यांनीच ठेवला होता, आणि पुढे कोर्टात त्यांनी ते नाकारलंही नाही. स्वतःला धर्माचा सैनिक म्हणवून घेतलं. मशिदीतल्या म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला, कुणालाच खरं वाटेना. मी वाचत राहिले – जेवढं छापून आलं तेवढं सगळं. घोरपडीसाठी थांबणारा माणूस बाजारात पिशवी ठेवून चालत जातो, तेव्हा तो काय बघत असतो? मला अजून कळलेलं नाही. मी अजूनही वाचते.

त्या बातम्यांमध्ये लॉजचा मॅनेजर होता. त्याला फोन आठवत होता. एक तरुण मुलगी, फाडफाड इंग्रजी, हृदयरोगी काका, मागच्या दाराजवळची खोली. त्या दारातून नासीरभाई आणि त्यांचे साथीदार सामान घेऊन कसे आले-गेले, कुणाच्या नजरेसही पडले नाहीत, तेही छापलं होतं.

व्हॅनमधल्या प्रत्येक मुलाच्या घरी पोलीस आले. आमच्याकडे आलेल्या पोलीस बाईंनी मला काही विचारायच्या आत बाबा म्हणाले, "ती फार बोलत नाही हो." चहा घेऊन आलेली शेजारची काकू म्हणाली, "ही काय सांगणार? पाव्हण्यांत पाणी मागत न्हाय ही." फोनसाठी मला हाक मारणारी तीच, पण ते तिच्या मनातही आलं नाही. त्या बाई हसल्या. "घाबरू नको बाळा," म्हणाल्या आणि चहा पिऊन गेल्या.

मग पोलिसांनी रुबिनाआपाला नेलं. नासीरभाईंची धाकटी बहीण, कॉलेजला जायची. तरुण, शिकलेली, त्याच घरातली – आणखी काय हवं? खूप दिवसांनी सोडलं. तिच्याविरुद्ध काहीच मिळालं नाही. पण तोवर तिचं कुवेतच्या मुलाशी ठरलेलं लग्न मोडलं होतं. कॉलेज सुटलं ते सुटलंच. जवळच्या बोर्ली गावच्या बाजारात ती दिसली की लोक आवाज खाली आणत – "ती बघ, फोनवाली."

बारावीत असताना ती मला फेरीवर भेटली. मी कठड्याशी उभी होते. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"तू भाईच्या गाडीतली ना गो? मुकी मॅडम."

मी मान हलवली.

"मी उर्दू शाळेतली. मना धड इंग्रजी येत नाय. पोलिसांना बोलून दाखवलं, तर म्हणतात, नाटक करतंय." ती हसली, पण नुसत्या ओठांनी. "तू शेवटी उतरायचीस. भाई कधी कुणा पोरीला घेऊन आलता काय? फोनवर कोण बोललेली काय? आठवून बघ जरा. मी तुझं नाव कुठं घेणार नाय."

फेरी मध्यावर होती. माझ्याकडे वेळ होता. दिघीची जेट्टी अजून दिसत होती, व्हॅन जिथे उभी केली होती ती जागासुद्धा.

मी म्हटलं, "नाही. मला काही आठवत नाही."

"बरं," ती म्हणाली. मग पिशवीतून एक पेरू काढून तिने माझ्या हातात ठेवला आणि बाकावर जाऊन बसली.

मी तेव्हा अठरा वर्षांची होणार होते. लहान होते असं मला म्हणता येणार नाही.

कधी कधी मला वेगळाच प्रश्न पडतो – नासीरभाईंनी माझं नाव का सांगितलं नाही? सख्ख्या बहिणीला नेलं तरी? मला वाचवलं, की मी त्यांच्या हिशेबातच नव्हते? की सांगितलं, आणि कुणी विश्वासच ठेवला नाही? हा प्रश्न मी वर्षानुवर्षं घोळवत आलेय. त्यांच्या गप्प राहण्याचा विचार करत बसलं की माझ्या गप्प राहण्याकडे बघावं लागत नाही, हे मला बरंच उशिरा दिसलं.

आता मी अलिबागजवळच्या एका हॉटेलात बुकिंगचे फोन घेते. सगळे म्हणतात, हिचा आवाज छान आहे.

रुबिनाआपा बोर्लीतच असते, कपडे शिवते. गेल्या महिन्यात आईने तिच्याकडून ब्लाउज शिवून आणला. पुडकं सोडताना म्हणाली, "हात चांगला आहे हो त्या फोनवालीचा."

मी ब्लाउजची शिवण बघत राहिले – बारीक, सरळ, कुठेही न चुकलेली.

काका नव्हतेच. ते मी बनवले. खोली मागच्या दाराजवळची हवी, हे माझ्याच तोंडून निघालं होतं. रुबिनाआपाने कुणालाही फोन केला नव्हता.

फोनवाली मी आहे.