नाव न सांगता ऐकलेली कॅसेट

गंगापूर रोडवर एका वकीलकाकांचा बंगला होता. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी तिथे गाणं ऐकायला माणसं जमत. बहुतेक शास्त्रीयच. कोण गातंय किंवा वाजवतंय ते आधी सांगायचं नाही, असा त्यांचा नियम होता. आधी ऐकायचं, मग बसलेल्या क्रमाने प्रत्येकाने मत द्यायचं, शेवटी नाव, आणि त्यानंतर मिसळ. नाव माहीत असलं की माणूस खोटं बोलतो, असं वकीलकाका म्हणत.

बाबा तिथे नेहमी जात. ते सातपूरच्या एका कारखान्यात होते आणि गिटार वाजवत. तरुणपणी गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात वाजवत, आता घरी. मुंबईच्या एका वादकाकडून त्यांनी जुनं गिटार सिंथेसायझर घेतलं होतं. तारांखाली एक पट्टी बसवायची, तिची वायर एका डब्याला जोडायची. मग तार छेडली की बासरी वाजायची, व्हायोलिन वाजायचं, नाहीतर जगात कुठल्याच वाद्याचा नसलेला एक आवाज यायचा. त्यावर त्यांनी एक अख्खा अल्बम केला. जॅझ फ्यूजन, असं ते म्हणायचे, आणि म्हणताना जरा लाजायचे. कव्हरवर त्यांचा फोटो होता. कॅसेटचे खोके आमच्या सिडकोतल्या घरात पलंगाखाली होते.

त्याच सुमारास कंपनीने स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली. महिनाअखेरपर्यंत अर्ज द्यायचा होता. बाबांना अर्ज देऊन पूर्णवेळ वाजवायचं होतं. आई म्हणाली, "मला विचारू नका. मी बायको आहे, मी काहीही म्हणेन. परक्यांना विचारा."

म्हणून बाबांनी एका कॅसेटचं कव्हर काढलं, ती साध्या डबीत घातली आणि एका रविवारी वकीलकाकांकडे नेली. एका मित्राकडून आणली, असं सांगितलं. मला बरोबर घेतलं. मी बारावीला होते आणि कोणाच्या घरी गेले की कोपऱ्यात बसायचे. तोंड उघडायचं नाही, हे स्कूटरवरच ठरलं होतं. ते मला सांगायची गरज नव्हती.

कॅसेट लागली. वकीलकाका डोळे मिटून ऐकत होते. पहिली ट्यून संपायच्या आधीच ते हसले, डोळे न उघडता. मग बाकीच्यांनाही हसायची मोकळीक मिळाली. एक बाजू संपेपर्यंत कोणी चुळबुळ लपवत नव्हतं.

सुरुवात दिंडोरीच्या काकांनी केली. त्यांची द्राक्षबाग होती. "आमचा फवारणीचा पंप याच्याहून लय बरा वाजतो," ते म्हणाले. "आणि त्याने निदान द्राक्षावरची भुरी तरी जाते."

सगळे हसले. बाबाही हसले. मी त्यांच्या शेजारी होते, म्हणून मला त्यांचा गुडघा हलताना दिसत होता.

नंतर पेटीचे मास्तर. ते कधी हसायचे नाहीत, तेव्हाही हसले नाहीत. हात चांगला आहे, असं आधी म्हणाले. बाबा किंचित पुढे झुकले. मग मास्तर म्हणाले, "पण ज्या वाद्याला स्वतःचाच आवाज नकोसा झालाय, ते आपण का ऐकायचं?"

बाबांनी मान डोलावली, दाद दिल्यासारखी.

मग कोणी म्हणालं, बासरीवाल्याला सर्दी झालीये. कोणी विचारलं, दुसरी बाजू ऐकणं सक्तीचं आहे का. पाळी फिरत माझ्यापर्यंत आली. मला वगळतील असं वाटलं होतं, पण वकीलकाका म्हणाले, "इंग्लिश मीडियमवाल्या बाई, हे तुमच्याकडचं संगीत. तुम्ही सांगा."

मी म्हणाले, "चौथी ट्यून मला आवडली."

"का?"

मला जे म्हणायचं होतं ते मराठीत पटकन सापडेना. "त्यात कोणीतरी वाट बघतंय असं वाटतं."

"बसची?" दिंडोरीचे काका म्हणाले.

या वेळी सगळ्यांत जास्त हसू आलं. खरं तर ती बसचीच होती. कंपनीच्या बससाठी कोपऱ्यावर उभं असताना बाबा ती गुणगुणायचे.

"तिला काय कळतंय," बाबा म्हणाले. आणि मग त्यांनी स्वतःचं मत दिलं. ते सगळ्यांत लांब होतं. या माणसाला समेवर यायची भीती वाटते, म्हणून तिथे तो मशीनचा आवाज वाढवतो. जे बोटांना जमत नाही ते डब्याकडून करून घेतो. कधीकाळी बरा वाजवत असावा, आता फक्त वायरी जोडतो. ते एकेक जागा दाखवत होते, कुठल्या ट्यूनमध्ये, कुठल्या वळणावर. खोलीतलं हसू थांबलं होतं. संपल्यावर मास्तर म्हणाले, वा, याला ऐकणं म्हणतात.

नाव सांगायची वेळ आली तेव्हा बाबा म्हणाले, मित्राने नाव सांगू नको म्हटलंय. कोणी आग्रह केला नाही. मिसळ आली होती.

निघताना वकीलकाका फाटकापर्यंत आले. कॅसेट बाबांच्या हातात देत म्हणाले, "तार ओढायची सवय गेली नाही तुमची. ऑर्केस्ट्रात ओढायचात, अगदी तशीच. पहिल्याच मिनिटाला ओळखलं मी."

"मग बोलला नाहीत?"

"नियम तुम्हाला माहीत होता. आणि मंडळी काय रंगली होती हो."

बाबांनी स्कूटरला किक मारली. घरी आल्यावर आईने विचारलं, काय म्हणाले. बाबा बूट काढत होते. "हिला विचार," ते म्हणाले. "हिला सगळं ऐकू येतं."

मग मी सांगितलं. पंप, सर्दी, मास्तर, सगळं क्रमाने. बाबा काय बोलले तेही. मधे गाळायला गेले की ते "आणि?" म्हणायचे. पंपाला आई हसली, मग तोंडावर हात ठेवला. अर्जाचं तिने पुन्हा विचारलं नाही. त्या महिन्यात कंपनीतून पुष्कळ जण बाहेर पडले. बाबा सकाळी कोपऱ्यावर उभे राहत राहिले.

पुढे त्या कॅसेट कामाला आल्या. वरच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की त्यांवर दुसरं काही भरता येतं. वकीलकाकांकडच्या मैफिली बाबा त्यांवर उतरवून लोकांना देऊ लागले. एकदा दिंडोरीचे काका आमच्या घरी आले, द्राक्षांची पेटी घेऊन. मैफील झकास आहे म्हणाले. "पण शेवटाला ते फवारणीचं मशीन अजून वाजतंय. पुढच्या वेळी कोरी कॅसेट द्या."

"पुसायचं राहिलं," बाबा म्हणाले.

पुढच्या सुट्टीला ते उरलेल्या कॅसेट पुसायला बसले. कॅसेट पुसायला ती वाजायला लागते तेवढाच वेळ लागतो. रेकॉर्डचं बटण दाबलं की दुसरं काम करता येतं, पण ते टेपजवळून उठले नाहीत. आवाज अजिबात नव्हता, नुसती चाकं फिरत होती. मी समोर पुस्तक उघडून बसले होते. चौथी ट्यून कुठे येते ते मला अंदाजाने कळत होतं. तिथे आलं की त्यांचा गुडघा हलायचा, आणि मी पान उलटायचे.