चुंबकाच्या दारात अप्पा

माझे वडील, अप्पा, यांचे शब्द सोमवारी सकाळी दुकानातच चुकायला लागले. गिऱ्हाईक तूरडाळ मागत होतं आणि अप्पा "चावी देतो, चावी" म्हणत बरोबर डाळच मापत होते. अहमदपुरात आमचं किराणा दुकान. मी गावोगाव अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटत फिरते, आणि छापण्याआधी ती अप्पा वाचतात. "कागदावर एवढं वरडू नको," हा त्यांचा नेहमीचा शेरा. हा माणूस आता बोलणार कसा, याचीच धास्ती मला लागली.

लातूरला सीटी स्कॅन झालं. डोक्याभोवती कडं फिरलं, काही मिनिटांत मोकळे. रक्तस्राव नाही, डॉक्टर म्हणाले. पण बारीक नस बंद झाली असेल तर पहिल्या दिवशी यात दिसेलच असं नाही, एमआरआय करा. तिथलं एमआरआयचं यंत्र नेमकं बंद. म्हणजे नांदेड. आजारी माणसाचं डोकं घेऊन दोन जिल्हे फिरायचं, आणि याला म्हणायची आरोग्यव्यवस्था! गाडीत मी यावरच बडबडत राहिले. अप्पा खिडकीबाहेर बघत होते.

नांदेडच्या हॉस्पिटलातल्या सेंटरवर यंत्र चालवणारी मुलगी देगलूरकडची, चटपटीत. "काका, आत लई मोठं चुंबक हाय. धातूचं सगळं काढा. गळ्यातलं बी."

आम्ही लिंगायत; अप्पांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. जन्मल्यावर बांधलेलं, अंगावेगळं करायचं नाही. अप्पांनी डबी मुठीत धरली. "चावी... चावी न्हाई!"

"हाव, चावी बी बाहेरच ठेवा," ती म्हणाली.

मला हसू यायला हवं होतं, संताप आला. माझं इष्टलिंग मी कॉलेजात असतानाच कपाटात ठेवलेलं. मी सुरूच झाले. "अप्पा, डोक्याचा प्रश्न हाय! अर्ध्या तासानं काय बिघडतंय? देव काय पळून चालला?" श्रद्धा, विज्ञान, मागासलेपण, सगळी पत्रकं तोंडपाठ. बाहेर बसलेले पेशंट ऐकत होते.

"ताई," ती मुलगी म्हणाली, "जरा थांबता का? काका काहीतरी सांगून राहिले."

अप्पा सांगत नव्हते. त्यांना सांगताच येत नव्हतं. त्यांनी डबी उघडली, आतलं काळं लिंग डाव्या तळहातावर घेतलं, आणि रिकामी डबी, दोऱ्यासकट, माझ्या हातात कोंबली. मग खिशातला पांढरा रुमाल दाखवला, तळहाताभोवती गुंडाळायची खूण केली. पूजेला लिंग तळहातावरच घेतात. अडचण डबीची होती, लिंगाची नव्हती. एवढं साधं मला ठाऊक नव्हतं, आणि भाषण मी देत होते.

मुलीनं तपासायचं छोटं चुंबक लिंगाजवळ नेऊन पाहिलं. चिकटलं नाही. आतल्या डॉक्टरांना विचारून आली. "चालतंय. पण हलायचं न्हाई हं काका." रुमाल तिनंच बांधला. उजव्या हातात रबरी फुगा दिला, घाबरलात तर दाबा म्हणाली.

दाराबाहेर मला ती ठोकाठोक ऐकू येत होती, पत्र्यावर कुणी घण घालावा तशी. फुगा दाबला का, दाबला का, म्हणून मी त्या मुलीला चारदा विचारलं. चौथ्यांदा तिनं बाकड्याकडे बोट दाखवलं.

पडद्यावर मेंदूच्या डाव्या भागात पांढरा ठिपका होता. हरभऱ्याएवढा. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं.

"शब्द परत येतील ना?" मी विचारलं.

"कुठं मार बसलाय ते यात दिसतं. किती भरून येईल ते यात दिसत नाही. रोज बोलतं करा, वस्तू दाखवून नावं विचारा."

एवढं महागडं यंत्र, आणि शेवटी नावं विचारायची! मी चिडून वॉर्डात गेले आणि लगेच सुरू केलं. चमचा? "चमचा." खिडकी? "च... वारं." घड्याळ? काहीच नाही. उशी? पेला? पंखा?

अप्पांनी डोळे मिटले. "गप बस की गं जरा."

पाच शब्द, एकही न चुकता. मी पळत नर्सला सांगायला गेले.