आत दुमडायचं पान

गंगापूर रोडवरच्या एका क्लासमध्ये मी डीटीपी शिकवते. माझं तोंड फटकळ आहे, आणि त्याचा मला बरीच वर्षं अभिमानही होता.

एका बॅचमध्ये सुरगाण्याकडची एक मुलगी होती. तिच्या गावातल्या बचत गटाच्या बायकांना नागलीचे पापड आणि बिस्किटं विकायला नाशिकच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच स्टॉल मिळाला होता. त्यांचं ब्रोशर तिने प्रोजेक्ट म्हणून घेतलं होतं. एकच आडवा कागद, दोन घड्या, तीन पानं. पाहते तर एक पान बाकीच्या दोन्हींपेक्षा रुंदीला तीन मिलिमीटर कमी.

"तीन सारखे भाग करता येत नाहीत? पट्टी धरायलाही मीच शिकवू का?" मी सगळ्यांदेखत म्हटलं. वर्ग हसला.

"मॅडम, हे पान दुमडून आत जातं ना, म्हणून जरा आखूड ठेवलंय. मी कागद दुमडून पाहिलाय."

तिच्या हातात घड्या घातलेला रद्दी कागद होता. मी तो पाहिलासुद्धा नाही. तिच्या हातातला माऊस घेतला आणि तिन्ही पानं सारखी करून टाकली. खरं सांगायचं तर फाइल पाठवण्यापलीकडे छापखान्याशी माझा संबंधच नव्हता. छापलेला कागद दुमडताना मी कधी पाहिला नव्हता.

प्रदर्शनात मी कौतुक ऐकायलाच गेले होते. स्टॉलमागे दोन बायका खाली बसून कात्रीने एकेका ब्रोशरची कड कापत होत्या. आतलं पान घडीला अडून फुगत होतं, ब्रोशर मिटतच नव्हतं. समोरून गिऱ्हाइकं पुढे जात होती. मुलीने मला पाहिलं, खुर्ची आणून दिली.

"प्रेसवाल्यांनी घडी नीट घातली नाही गं," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "हो मॅडम," म्हणाली. मी त्यांची बिस्किटं खाल्ली आणि घरी आले. त्या दिवशी स्वतःची लाज वाटली, पण ती मी कुणाला दिसू दिली नाही.

पुढच्या बॅचला मी ठासून शिकवू लागले, आत जाणारं पान थोडं कमी ठेवायचं, हे अनुभवानेच कळतं. असंच एकदा शिकवत असताना ती मुलगी सर्टिफिकेट न्यायला आली आणि दारात थांबली. तेवढ्यात एकाने विचारलं, "नाही ठेवलं कमी तर काय होतं?"

मी फळा पुसायला वळले. तीच म्हणाली, "माझं तसंच झालं होतं. सगळी ब्रोशरं कात्रीने कापायला लागली. मॅडमनी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही."

तिच्या आवाजात टोमणा असेल म्हणून मी कान देऊन ऐकत होते. नव्हता. पोरं तिला हसली. मी खाली मान घालून तिच्या सर्टिफिकेटवर सही केली.