मिरवायची तलवार

शिंपीदादांना एका जागी स्वस्थ बसलेलं पाहिलंय, असं गल्लीतला कुणीही शपथेवर सांगू शकला नसता. पायाला भिंगरी म्हणतात, ती या माणसाच्या सगळ्या अंगालाच होती. मशीन बंद असलं तरी पाय पायडलवर हलत राहायचा. जेवताना घास तोंडात आणि स्वारी खिडकीशी, रस्त्यावर कोण आलं ते बघायला. माप घेताना ते गिऱ्हाइकाभोवती असे फिरायचे की माप देणाऱ्यालाच घेरी यायची. एखादा म्हणायचा, "दादा, जरा दमानं, मी काही पळून जात नाही." दादा टेप गळ्यात टाकून म्हणायचे, "तुम्ही नाही हो, दिवस पळतो."

बायको अगदी उलट. तिला सगळी गल्ली ताई म्हणायची. खाली दुकान आणि वर दोन खोल्या, एवढा त्यांचा संसार. कापणं-शिवणं दादांचं, आणि काजं, बटणं, अस्तर, इस्त्री ताईची. तिचा धाकटा भाऊ दुकानात कामाला कमी आणि गप्पांना जास्त यायचा. तो म्हणायचा, "घराला आग लागली तर ताई आधी हातातलं काज पुरं करेल, मग बादली शोधेल." ताई यावर हसायचीही नाही. दाताने दोरा तोडून पुढचं बटण घ्यायची.

अशा या चळवळ्या माणसाला तलवारींचं वेड लागलं ते एका कोटामुळे. एका बँडमास्तरने आपल्या वडिलांची जुनी वर्दी उसवून नवी शिवायला दिली होती. तिच्या डाव्या कुशीला एक नीट काठ दुमडलेली फट होती. दादांना वाटलं, फाटलंय. मग कळलं की आतल्या पट्ट्याला तलवार अडकवायची, तर पट्टा बाहेर काढायला ती ठेवलेली असते. झालं. कोटाला जिच्यासाठी फट ठेवावी लागते ती वस्तू असते तरी कशी, हा किडा डोक्यात शिरला आणि पुढची तीस वर्षं तो काही बाहेर पडला नाही.

युरोपातल्या जुन्या फौजांच्या तलवारी. घोडदळाच्या, पायदळाच्या, दरबारात कमरेला लावून नुसतं उभं राहायच्या. जुन्या बाजारात, मोडीवाल्याकडे, कुणाचं घर रिकामं होत असलं की तिथे, दादा जाऊन थडकायचे. ज्या पैशात खोलीला रंग लागला असता त्यात एक गंजकी मूठ यायची. ताई त्यांना "माझ्या सवती" म्हणायची. तिने त्यांना कधी हात लावला नाही. धूळ झटकायची ती भिंतीवरच्या घड्याळाशी येऊन थांबायची, पुढच्या भिंती दादांच्या.

त्या भिंतीसुद्धा दादांनी तलवारींना वाटून दिल्या होत्या. खिडकीसमोरच्या भिंतीवर मिरवायच्या तलवारी आणि पलंगाशेजारच्या भिंतीवर लढाईच्या. हा फरक ते येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावायचे, मग तो दूधवाला का असेना. "अधिकारी लोक तलवार बनवून घ्यायचे, आपण कोट शिवतो तशी. ती यायची बोथट. परेडला, लग्नाला, बोथटच बरी. फौज लढाईवर निघाली की मगच धार लावायची. म्हणजे काय, जिला जुनी धार, ती लढाईला गेलेली." नवी तलवार घरात आली की ते कापडी हातमोजा घालून पात्यावरून बोट फिरवायचे, आणि कधीतरी त्यांचा आवाज बदलायचा. "अगं, याला धार आहे." ताई काजावरून मान न उचलता म्हणायची, "बरं."

सगळ्यांत लाडकी मात्र मिरवायची होती. एका नाटक मंडळीचे कोट शिवताना त्यांच्या सामानाच्या खोलीत दादांना ती सापडली होती. राजे, दरोडेखोर, द्वारपाल, सगळ्यांनी वापरून टाकलेली, वर चंदेरी रंगाचे थर. पण मुठीची घडण बघून दादांचा जीव खालीवर झाला. कोटांच्या शिलाईऐवजी त्यांनी ती मागून घेतली. मग कापसाचे बोळे आणि टर्पेंटाइन घेऊन नखाएवढ्या नखाएवढ्या जागेतला रंग उतरवत बसले. हो, बसले. आयुष्यात या माणसाने बसून केलेलं तेवढं एकच काम. वर्ष जाता जाता चंदेरी रंगाखालून निळं पातं वर आलं, मोराच्या मानेसारखं, आणि त्यावर सोनेरी वेलबुट्टी. त्या दिवशी त्यांनी ताईला हाक मारली. ताई आली, बघितलं, म्हणाली, "छान आहे हो." बाईने तीस वर्षांत एवढीच दाद दिली होती, आणि दादांनी ती जपून ठेवली होती.

मग हृदयाची झडप कुरकुरायला लागली आणि दादांना ऑपरेशनला जावं लागलं. मोठं ऑपरेशन, छाती उघडून. शुद्धीवर आल्यावर त्यांनी स्वतःच्या छातीवरचे टाके बघितले आणि नर्सला म्हणाले, "हात सरळ आहे, पण दोरा जाड घेतलाय." म्हणजे माणूस जागेवर होता.

भेटायला आलेला मेहुणा रंगात येऊन सगळं सांगत बसला. "दाजी, आम्ही सगळे बाहेर जीव मुठीत धरून. आणि ताई? तुम्हाला आत नेलं आणि म्हणाली, घरी कामं पडलीत, जाऊन येते. गेलीसुद्धा. तुम्हाला बाहेर काढायच्या जरा आधी हजर. चेहऱ्यावर रेघ नाही. बाई आहे का खांब."

मेहुणा हसला म्हणून दादाही हसले. पण ते वाक्य त्यांच्या मनात कुसळासारखं रुतलं. आपण तिकडे छाती फाडून पडलेलो आणि ही घरी काजं करायला गेली. काजं. संसाराला इतकी वर्षं झाल्यावर माणूस असलं विचारत नाही, म्हणून त्यांनी विचारलं नाही. पण कूस बदलायची मनाई असलेल्या माणसाला रुतलेलं काही काढता येत नाही.

घरी आल्यावर तर घालमेल वाढलीच. उठायचं नाही, वजन उचलायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. दादा पलंगावर पडून पायांनी चादर शिवत राहायचे. त्यात पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं की समोरच्या भिंतीवर मधली जागा रिकामी आहे.

"माझी निळी कुठाय?"

"कपाटात आहे. नीट आहे," ताई म्हणाली.

"काढली कशाला?"

"उभे राहायला लागलात की दाखवते. गंमत आहे एक."

दादांचा जीव टांगणीला लागला. ताई आणि गंमत? विकली असेल. मेहुण्याने पाडली असेल. त्यांनी मेहुण्याला खोदून खोदून विचारलं, तर त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं. त्यांनी ताईला गोड बोलून पाहिलं, चिडून पाहिलं, एक दिवस औषध घेणार नाही म्हणूनही पाहिलं. किल्ली तिच्या कमरेला. ताई औषधाची बाटली पुढे धरून उभी राहायची, आणि शेवटी औषध घ्यावंच लागायचं.

दादा भिंतीला न धरता खिडकीपर्यंत जाऊन आले त्या सकाळी ताईने कपाट उघडलं. इस्त्रीच्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली तलवार तिने दोन्ही हातांवर आणली. तिच्या हातात तलवार, हेच दादांना नवीन होतं. तिने फडकं सोडलं.

पात्याच्या कडेने, मुठीपासून टोकापर्यंत, एक पांढरी लखलखीत पट्टी निघाली होती. तेवढा निळा रंग गेला होता. सोनेरी वेलीची पानं मध्येच कापली गेली होती. दादांनी पातं उलटं केलं. दुसरी बाजू तशीच होती. कात्रीच्या पात्याला लावतात तशी, एकाच अंगाने धार.

"तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा आपल्या धारवाल्याकडून लावून घेतली," ताई म्हणाली. "याला धार आहे म्हटलं की तुमचा चेहरा फुलतो. एवढी लाडकी तुमची, आणि हिलाच नव्हती." तिने आपल्या शिवणाच्या डब्यातली कोटाच्या कापडाची एक चिंधी उचलली आणि पात्यावर सोडली. चिंधीचे दोन तुकडे होऊन खाली पडले.

"छान आहे," दादा कसंबसं म्हणाले, आणि अंगठा त्या पांढऱ्या पट्टीच्या कडेने फिरवत राहिले.

ताईने तो अंगठा बघितला. कापड चुकीचं कापलं गेलं की दादा असाच अंगठा फिरवतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार.

"बिघडवली का मी?"

इथे शहाणा माणूस नाही म्हणाला असता. दादांच्या मनात ते दुसरं कुसळ होतंच. "बिघडवली," ते म्हणाले. "तीस वर्षांत एकदा हात लावलास, आणि तोही वाट लावायला. मी मरतोय का जगतोय ते बघायला थांबायचं सोडून घरी येऊन हे करत होतीस?"

ताईने कमरेची किल्ली काढून पलंगावर ठेवली आणि इस्त्री तापवायला खाली गेली.

पुढचे दिवस घरात सगळं वेळेवर होत होतं आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. चहा यायचा, औषध यायचं. निळी कपाटात पडून होती, आणि दादा कपाटाकडे पाठ करून झोपायचे. राग कशाचा जास्त, तलवारीचा का त्या घरी निघून जाण्याचा, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. डॉक्टरांनी खाली दुकानात नुसतं बसायची परवानगी दिल्यावर ते जिना उतरून खुर्चीत येऊन बसले, आणि बसल्या बसल्या बटणांचा डबा दोनदा सांडवला.

तिथेच एका दुपारी धारवाला आला. सायकलला चाक बांधून गल्लीगल्लीत फिरणारा, दुकानाच्या कात्र्या वर्षानुवर्षं त्याच्याकडे. ताई वर होती. दादा त्याला फाडून खायच्या तयारीत तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "बरे दिसताय दादा. त्या दिवशी ताईंना बघून मी तुमची आशाच सोडली होती."

"कुठल्या दिवशी?"

"तुमचं छातीचं होतं त्याच दिवशी हो. मी आपला जात होतो, तर ताईंनी हाक मारून थांबवलं. कात्र्या आणल्या. मी म्हटलं, ताई, मागच्याच फेरीला लावलीय. तर म्हणाल्या, लाव. मग सुऱ्या आणल्या. मग शेजारच्यांच्या सुऱ्या. चाक थांबलं की म्हणायच्या, थांबू नकोस, आणते काहीतरी. जिना वर खाली, वर खाली. तुमच्याबद्दल तोंडाने चकार शब्द नाही, पण इथे पायरीवर बसल्या ना, तर पाय असा." धारवाल्याने आपला पाय हलवून दाखवला. दादांनी तो ओळखला. तो त्यांचाच पाय होता. "शेवटी धार लावायला घरात काही उरलंच नाही. मग ती तलवार घेऊन आल्या. मी म्हटलं, ताई, हे काम माझं नाही, दादा ओरडतील. म्हणाल्या, ओरडू दे, ओरडायला येऊ दे त्यांना. लाव."

दादांनी त्याला पाणी दिलं. फाडून खायचं राहूनच गेलं.

मग ते एकेक पायरी चढून वर आले, कपाट उघडलं आणि निळी बाहेर काढली. ताई खिडकीशी अस्तर लावत होती.

"ही जरा भिंतीला लावून दे," दादा म्हणाले. "माझा हात वर जात नाही."

ताईने त्यांच्याकडे बघितलं, अस्तर ठेवलं, हात पुसले. तलवार घेऊन ती समोरच्या भिंतीकडे, त्या मधल्या रिकाम्या जागेकडे निघाली.

"तिथे नाही. इकडे, पलंगाच्या बाजूला."

"इकडे लढाईच्या आहेत. ही मिरवायची ना?"

"होती. हिला धार लढाईच्या दिवशी लागलीय," दादा म्हणाले. "मी चुकीचं बोललो तुला."

ताई जराशी थांबली. "धारवाला येऊन गेला वाटतं."

"गेला."

"बडबड्या आहे मेला," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ते तिने पुसले नाहीत, कारण दोन्ही हातांत तलवार होती.

स्टुलाचा एक पाय आखूड होता, कधीचा दुरुस्त करायचा राहिलेला. ती वर चढली, तसं दादांनी ते दोन्ही हातांनी धरलं. खिळा घट्ट नव्हता, तिने तो ठोकला, तलवार लावली, वाकडी वाटली म्हणून काढून पुन्हा लावली. रस्त्यावर कुणीतरी हाक मारली, खाली गिऱ्हाईक आलं. ती उतरेपर्यंत दादा जागचे हलले नाहीत.