छुट्टीवाले हवालदार

"कारण?"

समोर कुणी येऊन उभं राहिलं की त्यांच्या तोंडून आधी एवढंच निघायचं. तोवर खिशातलं पेनही हातात आलेलं असायचं. समोरचा बिचारा नुसता खुर्ची न्यायला आलेला असला तरी.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नोकरी संपते, पण हाताला ते कळत नाही. यांची नोकरी फौजेतली. बावीस वर्षं केली, आणि त्यातली बरीचशी छुट्टीच्या टेबलावर. जवानांच्या छुट्टीचे कागद तयार करून साहेबांपुढं ठेवायचे, हे यांचं काम. सही साहेबांची, पण कोणाचा कागद गठ्ठ्यात वर ठेवायचा आणि कोणाचा खाली, हे यांच्या हातात.

मला ते भेटले हिंगण्याला. एमआयडीसीतल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये आमच्या मालिकेचं शूटिंग चालायचं. मालिका फौजींची होती, पण लढाईची नव्हती. मोबाइल यायच्या आधीच्या काळातली छावणी, तिथली दोस्ती, रुसवेफुगवे, घरून येणारी पत्रं. मी संवाद लिहायचे आणि हे आमचे सल्लागार. सेटवर सगळे त्यांना सुभेदारकाका म्हणत. ते दर वेळी शांतपणे म्हणत, "हवालदार." पुन्हा दुसऱ्या दिवशी सुभेदारकाका, पुन्हा "हवालदार." दोन्ही बाजू थकल्या नाहीत.

आम्ही दोघंही जरीपटक्याला राहायचो. युनिटची गाडी सकाळी चौकातून न्यायची. मी धापा टाकत पोचायचे तेव्हा ते अर्धा तास आधीपासून उभे असायचे, पाठ ताठ, डबा डाव्या हातात.

नायकाचं काम करणाऱ्या मुलाला त्यांच्याकडून शौर्यकथा हव्या होत्या.

"काका, गोळी किती वेळा चालवली?"

"चांदमारीत. निशाणा लावाले."

"आणि खऱ्या लढाईत?"

"आमच्या वाट्याले लढाई आलीच नाही ना बाबू."

"मग बावीस वर्षं करत काय होता?"

"दगडाले चुना मारायचा. झाडाले गेरू मारायचा. गवत कापायचं. अन् छुट्टीची वाट पाहायची."

मुलगा हिरमुसला. मी मात्र ती चारही वाक्यं वहीत उतरवून घेतली.

दोन जवानांचं भांडण मिटतं, असा एक प्रसंग मी तीन पानं लिहिला होता. मिठी, अश्रू, सगळा ऐवज. त्यांनी तो चष्मा लावून वाचला आणि पानं परत दिली. "मिठी नसते मारत जी, मॅडम. एकाले ताप आला का दुसरा त्याचा चहाचा मग धुऊन ठेवते. झालं." मी तीन पानं फाडली आणि तो चहाचा मग धुतला. त्या प्रसंगाचं सगळ्यांनी कौतुक केलं. माझं.

सेटवर सुट्टी मागायची ती प्रॉडक्शन मॅनेजरकडे. पण त्याआधी सगळे सरावाला यांच्याकडे यायचे. एकदा चहावाला आला, चेहरा पाडून.

"काका, आजी वारली."

"कोणती?"

"आईकडची."

"ते तर दिवाळीच्या आधी वारली होती गा."

चहावाल्यानं किटली उचलली.

"जा. पुढच्या टायमाले आजोबा काढ."

मी दात दुखतो म्हणून लवकर निघाले, तर म्हणाले, "डावा का उजवा?" मी उजवा म्हटलं आणि हात डाव्या गालावर गेला. ते हसले नाहीत. त्यांना मी हसताना पाहिलंच नाही. रागावतानाही नाही. चेहरा धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखा कोरा असायचा.

एके दिवशी जनरेटर बिघडला. शेडमध्ये उकडत होतं, म्हणून आम्ही बाहेर कडुनिंबाखाली बसलो. मला पुढच्या भागासाठी काहीतरी हवं होतं. मी विचारलं, "काका, सगळ्यात जास्त कारण कोणतं यायचं?"

"आई सीरियस."

मग त्यांनी समजावून सांगितलं. गावाकडून तार यायची, 'आई सीरियस, लवकर या.' दहातल्या आठ खोट्या. पेरणी असायची, बहिणीचं लग्न असायचं, नाहीतर बायकोचा जीव लागत नसायचा. पण तार आईचीच करायची, हे गावोगाव ठाऊक होतं. "बायको सीरियस लिहलं तर साहेब म्हणे, तिथं बायका हायेत ना, तू जाऊन काय करशील? आईसाठी मात्र कोणी नाही म्हणत नसे." खरी कोणती, खोटी कोणती, हे हुडकायचं काम यांच्याकडे आलं. आणि त्यात ते तरबेज झाले. एकही फोकनाड, एकही थाप त्यांच्या टेबलावरून पुढं सरकत नसे.

"एक डाव मलेच आली," ते म्हणाले.

त्यांची आई तेव्हा कळमेश्वरला. दोनच दिवसांपूर्वी ते तिच्याशी फोनवर बोलले होते, ती ठणठणीत होती. आणि तार आली होती उमरेडहून, सासरवाडीहून, मेव्हण्यानं केलेली. आई कळमेश्वरला आणि ती सीरियस असल्याची तार उमरेडहून! खोटी असल्याचं त्यांना उभ्याउभ्याच कळलं. मेव्हण्याचं लग्न ठरत होतं, मुलगी बघायला बोलावत असतील, असा त्यांनी हिशेब लावला.

"खूश झालो मी. पकडली म्हणून. साऱ्या कंपनीच्या पकडल्या, मंग आपली कशी सोडू? कागद गठ्ठ्यात खाली ठेवला."

त्यांची बायको पहिल्या बाळंतपणासाठी उमरेडला माहेरी होती. दिवस भरायला महिना बाकी होता. मेव्हण्यानं बिचाऱ्यानं तेच केलं जे सगळे करत. बहीण दवाखान्यात तडफडत होती, आणि छुट्टी लवकर मिळावी म्हणून त्यानं तारेत आई लिहिली.

"तिसऱ्या दिवशी दुसरी तार आली. त्यात खरं होतं."

बायको गेली. मुलगी जगली. मेव्हण्यानं आणि नंतर त्याच्या बायकोनं तिला वाढवलं. हातमागावर काम होतं तेव्हा मागावर, माग बंद पडला तेव्हा कंपनीत कामाला जाऊन त्यानं तिला शिकवलं. हे दिवाळीला जायचे, ओसरीवर तासभर बसायचे आणि परत यायचे. मुलगी पाणी आणून द्यायची. तिला एवढंच माहीत होतं की बापाला तार गेली होती आणि बाप आला नाही.

सांगताना त्यांचा आवाज कुठंही हलला नाही. मी वाट पाहत होते हलायची, हे आता कबूल करते.

"तिला सांगितलं का नाही मग?"

"सांगतलं तर मामानं खोटं लिहलं म्हणून माय गेली, असं नाही वाटणार तिले? ज्यानं वाढवली त्याच्या माथी काहून मारू?" मग म्हणाले, "ते सिरियल पाहते आपली. मामाकडे सारेच पाहतात. तुम्ही लिहा. फक्त तार करणारा साळा नका दाखवू. शेजारी दाखवा कोणी. तिले समजलं पाहिजे का बाप दगड नव्हता. गफलत झाली."

"तुम्हीच लिहा ना एक पत्र."

"लोकायचे हजार अर्ज लिहले जी. आपला नाही जमत."

मी लिहिलं. जसंच्या तसं, शेजारी घालून. चांगलं झालं होतं. चॅनेलकडून निरोप आला, प्रसंग उत्तम आहे, पण नायक पोचला पाहिजे. प्रेक्षकांना रडवा, पण घरात मरण नको. दिग्दर्शकानं माझ्याकडे पाहिलं. मी एका दुपारीत बदलून दिलं. हातातलं काम जाईल अशी भीती नव्हती, कुणी धमकावलंही नव्हतं. नुसतं नाही म्हणायचा कंटाळा आला. याची मला आजही लाज वाटते.

त्यांना मी सांगितलं नाही. शूटिंगच्या दिवशी छुट्टीचा अर्ज कॅमेऱ्यात जवळून दिसणार होता, म्हणून तो भरायला त्यांनाच बोलावलं. त्यांनी कागद पाहिला.

"पास होते का याची?"

"हो, काका."

"जाते?"

"पोचतो. बायको वाचते."

त्यांनी पेन काढलं. टोपण उघडलं. मान खाली घालून विचारलं, "दहा दिवस लिहू का पंधरा?"

"पंधरा लिहा," दिग्दर्शक म्हणाला.

वळणदार अक्षरात त्यांनी पूर्ण अर्ज भरला, एकही खाडाखोड नाही. नायक तो कागद घेऊन धावत सुटला. तीन टेक झाले. तिन्ही वेळा हे बाजूला उभे होते, पाठ ताठ. मी संध्याकाळी गाडीत म्हटलं, "काका, वरून सांगितलं होतं." ते म्हणाले, "वरून सांगतलं तर करावंच लागते ना जी."

भाग दाखवला गेला. त्यानंतर आठवडाभर ते येत होते. मग एक दिवस चौकात दिसले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "आता तुमाले सारं येते. माझं काय काम?" मी खूप आग्रह केला असं म्हणवत नाही. मालिका चालू राहिली. चहावाल्याच्या आजोबांनाही मरण आलं, पण विचारायला कुणी नव्हतं.

पाच महिन्यांनी एक मुलगी सेटवर आली. सत्तावीस-अठ्ठावीसची, हातात हेल्मेट. म्हणाली, "बाबायच्या कपड्यात इथलं ओळखपत्र सापडलं. ते गेले मागच्या पंधरवड्यात. झोपेतच." ओळखपत्र परत द्यायचं असतं का, हे विचारायला ती उमरेडहून आली होती.

मी तिला चहा दिला. चहा निवला तरी ती प्याली नाही.

"तो भाग पाहिला होता मी," ती म्हणाली. "तो पोचला ना, तवा घरचे सारे रडले. मामा तर उठून बाहेर गेला. मले काहीच नाही वाटलं. वाटलं, माणसायले येता येते तर. मंग माझे बाबा काहून नाही आले? तुमाले काही बोलले का कधी?"

मग मी सांगितलं. छुट्टीचं टेबल, खोट्या तारा, कळमेश्वर आणि उमरेड, गठ्ठ्यात खाली ठेवलेला कागद. मालिकेत मी काय केलं तेही सांगितलं. ती ऐकत होती. चेहरा बापासारखाच कोरा.

"म्हणजे त्यायले माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "आई म्हणून कोणी लिहलं होतं?"

'शेजाऱ्यानं.' एवढा एक शब्द मला म्हणायचा होता. त्यांनी माझ्याकडे तेवढंच मागितलं होतं. दिवसाला वीस पानं खोटं लिहिणारी बाई मी, पण तो शब्द निघेना. मी म्हटलं, "ते नाही बोलले."

तिनं मान हलवली. "मामाले विचारते. त्याले सारं माहीत असते."

ती उठली. थंड चहा झाडाच्या बुडाशी ओतला, नळावर कप विसळून ठेवला, हेल्मेट घातलं. मी फाटकापर्यंत तिच्यासोबत गेले. काहीतरी बोलायला हवं होतं. गाडी सुरू करता करता तिनं विचारलं, उमरेडला जायला इथून जवळचा रस्ता कोणता.

मी सांगितला.