तो विचार खरा होता

परंड्यापासून अकरा किलोमीटरवरच्या एका गावात मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. अडीच वर्षांपूर्वी थंडीच्या एका सकाळी शाळेला जाताना माझ्या स्कूटरची धडक बसून एक बाई गेली. मजुरीला निघाली होती ती. उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीमागून रस्ता ओलांडायला पुढं आली. मी ब्रेक दाबला तोवर उशीर झाला होता. माझं मनगट मोडलं. तिचं डोकं डांबरावर आपटलं. हातातलं खुरपं लांब जाऊन पडलं, त्याच्या मुठीला निळी चिंधी गुंडाळलेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती वारली.

सगळ्यांनी मला एकच सांगितलं, तुझी चूक नव्हती. ट्रॉलीवाल्यानं सांगितलं, मुख्याध्यापकांनी सांगितलं, पंचनामा करणाऱ्या हवालदारानंसुद्धा. माझे मिस्टर म्हणायचे, "विसर आता." सासूबाई म्हणायच्या, "सबर कर बेटा." माझ्या तोंडावर काही दिसलं की सबर हा शब्द त्या अशा ठेवायच्या, जसं उकळत्या पातेल्यावर झाकण.

मी विसरायचा प्रयत्न मन लावून केला. आधी तो रस्ता सोडला आणि लांबच्या वाटेनं जीपनं जाऊ लागले. मग जीपमध्ये पुढं बसेना. मग विळीचं पातं बघवेना, भाजी सासूबाई चिरू लागल्या. शाळेत नववीचा पहिलाच धडा गतीच्या नियमांचा. जडत्व, वेग, ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरावर थांबते. पंधरा वर्षं शिकवलेला तो धडा मी दुसऱ्या शिक्षकांना दिला. त्यापुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळेतच जाईना झाले. दिवसभर आतल्या खोलीत बसून असायचे आणि एवढं सगळं टाळूनही ती निळी चिंधी दिवसातून पन्नास वेळा दिसायची.

शेवटी मिस्टर मला धाराशिवला दवाखान्यात घेऊन गेले. तिथं एक समुपदेशक होती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मला तिच्याकडं पाठवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, आता दोन मिनिटं त्या खुरप्याचा विचार करायचा नाही. आला की टेबलावर बोट वाजवा."

दोन मिनिटांत माझं बोट थांबलंच नाही.

"विज्ञान शिकवता ना तुम्ही," ती म्हणाली. "हा प्रयोग खूप लोकांवर करून झालाय. जो विचार करू नका म्हणून सांगितलं, तोच जास्त येतो. कारण तो येत नाही ना, हे तपासायला मनाला तो आधी आठवावा लागतो. आणि टाळल्यानं घटकाभर बरं वाटतं, म्हणून माणूस आणखी टाळतो. तुम्ही रस्ता टाळला, मग जीप, विळी, धडा, शाळा. आता काय उरलंय?"

माझ्या दीड वर्षाचा आलेख कुणीतरी फळ्यावर काढून दाखवावा तसं झालं.

तिनं माझ्या फोनवर एक ॲप घालून दिलं. रोज पंधरा मिनिटं ऐकायचं, लिहायचं; आठवड्यातून एकदा ती फोन करणार. पद्धत अशी, की दुखणारी गोष्ट ढकलून द्यायची नाही. तिला येऊ द्यायचं आणि ती असतानाच जे करायचं ते करायचं.

"ह्याला पुरावा काय?" मी विचारलं. मुलांना मी हेच विचारायला शिकवते.

ती सरळ बोलली. "चाचण्या झाल्यात. एका गटाला हे शिकवायचं, दुसऱ्याला काही न शिकवता थांबायला लावायचं आणि मग दोन्ही बघायचे. शिकवलेल्यांना फरक पडतो, पण फार मोठा नाही. मोबाईलवर एकट्यानं करणारे बरेच जण मध्येच सोडतात. मधूनमधून कुणी माणूस बोलत राहिलं तर टिकतात. आणि आपल्याकडच्या लोकांवर, आपल्या भाषेत, अजून फारसं झालेलं नाही."

"दुःख कमी होतं का?"

"काहींचं होतं. तुमचं होईलच असं मी म्हणणार नाही. जगणं आकसत चाललंय ते थांबतं का, हे आपण बघू."

तिनं कसलंही वचन दिलं नाही, म्हणूनच मी तयार झाले.

ॲपमधला आवाज पुण्याकडचा, गोड होता. तो म्हणायचा, डोळे मिटा, ओढ्याचं वाहतं पाणी बघा, एकेक विचार पानावर ठेवून सोडून द्या. आमच्या भागातला ओढा वर्षातले आठ महिने कोरडा. मला पाणी दिसेना, पानं जागच्या जागी पडून राहायची. मग मी आमच्या गल्लीतून सकाळी जाणाऱ्या शेळ्या डोळ्यांसमोर आणल्या. एकेका शेळीच्या पाठीवर एकेक विचार. त्या पुढं जायच्या. काही दारात थांबून माझ्याकडं बघायच्या, मग त्याही जायच्या.

सातव्या दिवशी पडद्यावर रंगीत कागद उधळले आणि अक्षरं आली: अभिनंदन, तुम्ही सात दिवस पूर्ण केले. एक बाई मेली होती आणि फोन माझं अभिनंदन करत होता. चार दिवस मी ॲप उघडलं नाही. पाचव्या दिवशी त्या समुपदेशक मुलीचा फोन आला नसता तर मीही मध्येच सोडणाऱ्यांत जमा झाले असते.

पुढचा पाठ होता विचारापासून थोडं लांब उभं राहण्याचा. 'मी वाईट आहे' असं न म्हणता 'मी वाईट आहे असा विचार माझ्या मनात येतोय' असं म्हणायचं. घरी आम्ही दखनी उर्दू बोलतो. माझा विचार मराठीत येतच नव्हता, तो यायचा, "मैं उसकू मारी." मी तो मराठीत लिहून बघितला, 'मी तिला मारलं', पुढं 'असा विचार येतोय' जोडलं. ॲपमधला आवाज म्हणत होता, विचार म्हणजे वस्तुस्थिती नव्हे.

तिथं मी अडकले. कारण माझा विचार खरा होता.

पुढच्या फोनवर मी तिला ते सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं. "त्या दिवशी पर्समधला फोन वाजला. पर्स पायाशी होती. मी खाली बघितलं. एक क्षण, दोन क्षण असतील. वर बघितलं तेव्हा ती समोर होती."

मग ती म्हणाली, "मॅडम, विचार खोटा आहे असं ही पद्धत म्हणत नाही. खरा विचारसुद्धा येऊ द्यायचाच असतो. तो तुम्हाला खोलीत कोंडतो की तुम्ही त्याला घेऊन बाहेर पडता, एवढंच बघायचं."

"मग स्वीकार म्हणजे काय? सोसत बसायचं?"

"नाही. नजर काढून न घेणं."

ॲपमध्ये एका पानावर विचारलं होतं, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय? खाली कुटुंब, आरोग्य, यश असे पर्याय होते. मी रिकाम्या चौकटीत लिहिलं, खरं बोलणं. आता ते करायला लागणार होतं.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी मिस्टरांना सांगितलं. ते खाली मान घालून ऐकत होते. मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाही, फोन कुणाचा होता."

"माझा," ते म्हणाले. "मला माहीत आहे. कपाटाची किल्ली सापडत नव्हती. तू उचलला नाहीस. अर्ध्या तासानं कळलं." थोडं थांबून म्हणाले, "मी तो कॉल त्याच दिवशी पुसून टाकला. तुझ्या फोनमधलापण."

'विसर आता' हे ते दीड वर्ष कुणाला सांगत होते, ते मला तेव्हा कळलं. त्यांनी माझा हात धरला नाही, मीही धरला नाही.

अपघाताची केस अजून कोर्टात चालू होती. पुढच्या आठवड्यात मी पोलीस ठाण्यात पुरवणी जबाब दिला, फोन वाजल्याचा आणि खाली बघितल्याचा. हवालदार म्हणाला, "मॅडम, पहिला जबाब ठीक होता की. कशाला वाढवून घेताय?" मी म्हटलं, "लिहून घ्या." त्यानं लिहून घेतलं. केस बघणारे आमचे वकील आमच्यावर चिडले. मिस्टर महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलत होते.

मग मी त्या वारलेल्या बाईच्या घरी गेले. तिचा नवरा ऊसतोडीला गेला होता. सासू अंगणात तूर पाखडत होती. तिनं मला ओळखलं, बसायला पोतं टाकलं. मी सगळं सांगितलं, फोन वाजला, खाली बघितलं, तेही. तिचं सूप थांबलं नाही.

"गावात सगळी म्हणत हुती, तीच आडवी आली," ती म्हणाली. "लेकराला पण तेच सांगितलंय. आई बघून चालली न्हाय म्हणून गेली. लई दिवस मी पण तिलाच शिव्या घातल्या." सूप खाली ठेवून ती म्हणाली, "आलाव, बरं केलाव. लेकराला मी सांगीन आता. पर तुम्ही पुन्हा येऊ नका."

"नाही येणार," मी म्हटलं.

येताना जीपनं अपघाताच्या त्याच रस्त्यानं आले. त्या जागेपाशी छाती दाबून आली, तळहात ओले झाले. ॲपनं शिकवल्याप्रमाणं मी स्वतःशी नोंदवलं: छाती, हात, भीती. जीप थांबली नाही, पुढं गेली.

पुढं त्या समुपदेशक मुलीचं नोकरीचं कंत्राट संपलं. ती गेल्यावर साप्ताहिक फोन बंद झाले आणि महिनाभरात मीही ॲप उघडायचं सोडलं. ती म्हणाली होती तसंच. मी पुन्हा शाळेत जाते. गतीचा धडा मीच घेते. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरावर थांबते, हे फळ्यावर लिहिताना अजून खडू मोडतो. मुलं वाट बघतात, मी दुसरा तुकडा घेते.

दुःख कमी झालं का, असं कुणी विचारलं तर नाही म्हणेन. घरात मिस्टर आणि मी आता बोलतो, पण त्या सकाळबद्दल नाही. त्यांना ते जमत नाही आणि मी ओढत नाही. कोर्टात पुढची तारीख लागली आहे. माझा दुसरा जबाब तिथं वाचला जाईल. काय होईल ते वकिलांनाही सांगता येत नाही. त्या दिवसासाठी मी शाळेत रजेचा अर्ज देऊन ठेवलाय.