निळं कडं आणि गेरूचा तिकोना

कोपरा फाडलेलं कार्ड हातात आलं तेव्हा मी सुरतेत कापडाच्या मागावर उभा होतो. आमच्याकडं फाडलेला कोपरा बघूनच कळतं, कुणीतरी गेलं. चुलतभावानं लिहिलं होतं, किसनमामा पेंटर वारले. आणि खाली, डाळमिलच्या मालकानं मानवतला शोकसभा घेतली, ‘मामा आमच्या घरचेच होते’ म्हणाला... तेवढं वाचलं आणि रडू यायच्या जागी संताप आला. महिना झाला, अजून उतरला नाही.

मामा नात्यानं माझे कुणी नव्हते. मी त्या मिलमध्ये हमाल, ते पोत्यांवर छाप रंगवायचे. त्यांच्याकडं रंग तीनच, नीळ, गेरू आणि काजळी, जवसाच्या तेलात स्वतः घोटलेले. मिलची खूण त्यांनीच बसवलेली: बाहेर निळं कडं, आत गेरूचा तिकोना, मधे काळा ठिपका. "चौथा रंग आला की डोळा भटकतो," म्हणायचे. स्टेशनच्या धक्क्यावर सगळ्या मिलचा माल एकत्र पडायचा. आम्ही हमाल अक्षरं कुठली वाचणार, कडं बघून पोतं उचलायचो. निळं आमचं, पिवळं शेजारच्या मिलचं.

मी दुसरीतून शाळा सोडलेली. मामांनी दुपारच्या सुटीत एका फाटक्या पोत्यावर माझं नाव काढून दिलं, मा निळीचा, रो गेरूचा, ती काजळीची. "गिरव, मारोती. आमी बौद्ध झालो तवा माझ्या बापानं पयलं हेच सांगितलं, अंगठा लावायचा न्हाई." चुकेल म्हणून मी लय भ्यायचो. मामा हसायचे, "हात कापायलाय कशाला? ब्रश चावतो का तुला?" त्या पोत्यावरून मी पेपर वाचण्यापर्यंत आलो. हे उपकार कुठं ठेवू...

मग मालकाचा पोरगा हैदराबादहून शिकून आला. त्याला खूण जुनाट वाटली. पिवळं कडं, आत हिरवी पानं, गुलाबी फूल, अशी छाप त्यानं कागदावर काढून आणली. मामा माझ्यासमोर म्हणाले, "छोटे मालक, पिवळं कडं शेजारच्याचं हाय. हमाल रंगावर माल वळखतेत. घोटाळा हुईल."

"तू रंग लाव. अक्कल आमी लावतो."

मामांनी लावला आणि घोटाळा झाला. आमची पोती शेजारच्याच्या वॅगनमध्ये चढली, त्यातली कितीतरी माझ्याच पाठीवरून. मालकानं कागद केला, पेंटरनं आपल्या मनानं रंग बदलला म्हणून, आणि खाली हमालांची साक्ष. बाकीच्यांनी अंगठे लावले. मला काम जायची भीती. त्यात मुनीम म्हणाला, "मारोती, तू तर सही करतोस की रं!" सांगायला लाज वाटते, पण छाती फुगली. आयुष्यातली माझी पहिली सही ती.

मामांना काढलं. पंधरा दिवसांत निळं कडं परत आलं, दुसऱ्याच्या हातचं. खूण ठेवली, माणूस हाकलला! आणि आता म्हणे घरचे. घरच्या माणसाला म्हातारपणी पोळ्याच्या बैलांची शिंगं रंगवत गावोगाव फिरवतात का?

मी सुरतेला निघालो त्या दिवशी मामा एसटी स्टँडवर भेटले. बोटांना गेरू तसाच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "सही केलीस म्हणं. हात कापला न्हाई ना रं?" गाडी लागली, मी चढलो...

ते पोत्याचं फडकं माझ्या खोलीत खिळ्याला आहे. नीळ विटली, गेरू टिकून आहे. त्याच्याकडं बघत लिहितो: पिवळं कडं मालकाच्या पोरानं लावायला सांगितलं. मी कानांनी ऐकलं. मामांचा काडीचा दोष नव्हता. माझा चुलतभाऊ अजून त्याच मिलमध्ये आहे, हे पेपरात छापून आल्यावर त्याचं काय होईल, ही धास्ती आहेच. तरी खाली सही करतोय.

हात कापायलाय, मामा.

— मारोती